आडनाव नव्हे, क्रमांक शोधा

ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील आमच्या गावच्या दफनभूमीत पणजोबांचा दगड आहे. अक्षरे झिजली, उरले केवळ नाव. तेच आज आमचे आडनाव! आपल्या अनेक मराठी घरांची हीच कथा. मुंबई बंदरातून आलेल्या मजुराचे नाव कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिले, मुलांनी बापाचे नावच आडनाव म्हणून चालविले आणि मूळचे कुलनाम मागे पडले. म्हणून नुसत्या आडनावावर शोध घेणाऱ्याची फसगत होते.

जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले एकेक पिढी मागे न्यावेत. प्रत्येक मजुराला क्रमांक दिला जाई. तो सापडला, की मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात जहाज, वय, बापाचे नाव, जिल्हा, गाव मिळण्याची आशा असते. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना छायाचित्राचे तिकीट बाळगणे भाग पडले. होता तो जाचच; पण त्याच छायाचित्रांतून आज पणतवंडांना पूर्वजांचे चेहरे भेटतात.

आमच्या पणजोबांच्या नोंदीत जिल्हा रत्नागिरी निघाला. गावाचे नाव मात्र 'गोगर' असे काहीसे लिहिलेले. मी बुचकळ्यात पडलो. आत्या ऐकताच म्हणाली, "अरे, गुहागर! आजी सांगायची ना!"

दप्तर उद्याही तेथेच असेल. आत्या असेलच असे नाही. वाचकहो, या रविवारी घरच्या वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा.