घरच्या बागेत घडतो जोमदार संकरित गुलाब

रोपवाटिकेतून मोठ्या हौसेने आणलेला गुलाब पहिल्या हिवाळ्यात बहरतो आणि उन्हाळा व पावसाळा सरताच काळ्या ठिपक्यांच्या रोगाने किंवा शेंड्याकडून फांद्या वाळल्याने मान टाकतो, हा देशभरातील बागप्रेमींचा अनुभव आहे. त्याचे एक कारण गुलाबाच्या वंशावळीत आहे. आधुनिक गुलाबाच्या बहुसंख्य जाती युरोप आणि अमेरिकेच्या थंड हवामानात निवडल्या गेल्या. १८६७ साली फ्रान्समध्ये प्रसृत झालेला 'ला फ्रान्स' हा 'हायब्रिड टी' वर्गातील पहिला गुलाब मानला जातो.

भारतीय हवामानास मानवणारे गुलाब भारतातच निर्माण व्हावेत, या दृष्टीने गहू संशोधक डॉ. बी. पी. पाल (१९०६-१९८९) यांनी मोलाचे कार्य केले. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक असलेल्या डॉ. पाल यांनी 'रोझ शर्बत', 'दिल्ली प्रिन्सेस' यांसारखे वाण दिले. तामिळनाडूतील कोडाईकनाल येथे भारतीय प्रशासकीय सेवेतील माजी अधिकारी एम. एस. वीरराघवन यांनी मणिपूरच्या डोंगरांतील 'रोझा जायगँशिया' आणि पूर्व भारतातील पाणथळ जागी वाढणारा 'रोझा क्लायनोफिला' या वन्य गुलाबांचा जोम बागेतील गुलाबात आणण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या एका वाणाला वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांचे नाव देण्यात आले आहे.

संकराची कृती

संकरासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यानंतर छाटणी केलेल्या झाडांना थंडीत येणारा बहर यासाठी सोयीचा असतो. सहज फळ धरणारे, निरोगी झाड मातृवृक्ष म्हणून निवडावे. उमलण्याच्या बेतात असलेल्या कळीच्या पाकळ्या काढून परागकोश फुटण्यापूर्वीच सर्व पुंकेसर चिमट्याने खुडावेत आणि कळीवर कागदी पिशवी बांधावी. पितृवृक्षाचे परागकोश सावलीत वाळवले की पिवळे पराग मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी कुक्षी चिकट झाल्यावर मऊ कुंचल्याने हे पराग तिच्यावर लावावेत, पिशवी पुन्हा बांधावी आणि दोन्ही जातींची नावे व तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवावी.

सुमारे चार महिन्यांत फळ पिवळे वा नारिंगी होते. त्यातील बिया धुऊन, ओलसर वाळूत ठेवून सहा ते आठ आठवडे शीतकपाटात सुमारे ४ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात. या शीतकाळाने बियांची सुप्तावस्था मोडते. तरीही सर्व बिया रुजत नाहीत. म्हणून अनेक फुलांवर संकर करणे श्रेयस्कर ठरते.

निवडीची कसोटी

बागेतील गुलाब आधीच अनेक संकरांतून आलेला असल्याने एकाच फळातील प्रत्येक बी वेगळे रोप देते. वन्य जातीशी संकर करताना आणखी एक अडचण येते. बहुतेक 'हायब्रिड टी' गुलाबांत २८ गुणसूत्रे असतात, तर वर उल्लेखिलेल्या वन्य जातींत १४. त्यांच्या संततीत साधारणतः २१ गुणसूत्रे येतात आणि अशी झाडे जोमदार असली तरी बहुधा वंध्य असतात.

सतत फुलणाऱ्या जातींची रोपे काही आठवड्यांतच पहिले फूल देतात. परंतु ते लहान व विरळ पाकळ्यांचे असल्याने त्यावरून निर्णय घेणे योग्य नव्हे. निवडक रोपांचे डोळे रानगुलाबाच्या खुंटावर भरून ती किमान दोन उन्हाळे व दोन पावसाळे पाहावीत. औषधांची फवारणी न करता ज्याची पाने टिकतात, तेच रोप राखावे. फुलाच्या रूपावर भाळून रोगट रोप ठेवल्यास त्याचा दुबळेपणा पुढच्या संकरातही उतरू शकतो. शेकडो रोपांतून एखादेच या कसोटीस उतरते. मात्र त्याच्या एकेका डोळ्यापासून हुबेहूब तसेच झाड तयार करता येते.