कृत्रिम गादी : रचना साधी हवी की गुंतागुंतीची?

दोन मणक्यांमधील गादी झिजली आणि औषधे व व्यायाम यांनी दीर्घकाळ आराम पडला नाही, तर निवडक रुग्णांना कृत्रिम गादी बसविण्याचा पर्याय सुचविला जातो. मणके जोडून टाकण्याच्या शस्त्रक्रियेत त्या जागेची हालचाल थांबते. कृत्रिम गादीत ती टिकविण्याचा प्रयत्न असतो. मात्र रचना जितकी गुंतागुंतीची तितकी ती नैसर्गिक गादीच्या जवळची, म्हणून उत्तम, हा समज तपासून घ्यायला हवा.

केवळ साधेपणाही तारत नाही. १९६०च्या दशकात स्वीडनचे डॉ. उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी गादीच्या जागी पोलादी गोळा बसविला. भार लहानशा जागेवर एकवटल्याने अनेक रुग्णांत तो गोळा मणक्याच्या हाडात रुतला. पुढे १९८०च्या दशकात बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात दोन धातूच्या चकत्यांमध्ये मोकळा सरकणारा पॉलिएथिलीनचा गाभा आला. २००४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००६ मध्ये तेथे मान्यता मिळालेल्या ‘प्रोडिस्क’मध्ये हा गाभा खालच्या चकतीत पक्का बसविलेला असतो.

या एका फरकाने भाराची वाटणी बदलते. सरकता गाभा नैसर्गिक हालचालीच्या जवळ जातो. पण अतिरिक्त हालचाल रोखण्याचे काम मणक्याच्या मागील लहान सांध्यांवर आणि स्नायुबंधांवर पडते. पक्का गाभा घसरण आवरतो. परंतु तो ताण चकती व हाड यांच्या जोडावर येतो. त्यानंतरच्या काही रचनांत लवचीक गाभा आणि भोवती तंतूंचे वेष्टन असते. त्यामुळे धक्के शोषले जातात. पण पदार्थ व जोड वाढले की झीज होण्याच्या जागाही वाढतात.

हा विचार कमरेच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो. तेथे गादी पोटाच्या बाजूने, मोठ्या रक्तवाहिन्यांजवळून बसवावी लागते. ती बिघडल्यास दुसऱ्यांदा तेथवर पोहोचताना जुन्या व्रणामुळे रक्तवाहिन्यांना इजा होण्याचा धोका वाढतो.

म्हणून शल्यचिकित्सकांना काही प्रश्न अवश्य विचारावेत. या रचनेतील प्रत्येक भाग नेमके कोणते काम करतो? ती किती वर्षे वापरात आहे आणि तिचे दीर्घकालीन निष्कर्ष काय आहेत? ती बिघडल्यास पुढचा मार्ग कोणता? बसविल्यानंतर एमआरआय कितपत स्पष्ट दिसेल?

हाडे ठिसूळ असतील किंवा मागील सांधे आधीच झिजले असतील, तर सहसा कोणतीच कृत्रिम गादी योग्य ठरत नाही. त्यामुळे निवडीचा आरंभ रुग्णाच्या मणक्यापासून व्हावा. रचनेचा विचार त्यानंतर.