मॉरिशसची दोन तऱ्हेची तिकिटं

हिंदी महासागरातलं मॉरिशस बेट १८१० साली फ्रेंचांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. तिथं सप्टेंबर १८४७ मध्ये दोन टपाल तिकिटं निघाली. एक पेनीचं नारिंगी, दोन पेन्सचं निळं. ब्रिटिश वसाहतींतली ही पहिली सरकारी तिकिटं. जोसेफ बर्नार्ड या कारागिरानं तांब्याच्या पत्र्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा कोरला आणि प्रत्येकी ५०० तिकिटं छापली. त्यांतली काही गव्हर्नरच्या पत्नी लेडी गोम यांच्या नृत्यसमारंभाच्या आमंत्रणांवर चिकटली.

या तिकिटांवर ‘पोस्ट ऑफिस’ असे शब्द आहेत. पुढच्या वर्षी ‘पोस्ट पेड’ आले. त्यावरून दंतकथा निघाली, की बर्नार्ड शब्द विसरला, वाटेत टपाल कचेरीची पाटी दिसली आणि त्यानं तेच कोरलं! कवी माणसाला अशी गोष्ट सोडवत नाही. पण तिला पुरावा नाही. टपालाच्या शिक्क्यांवरही तेव्हा हेच शब्द असत.

आज त्यांतली जेमतेम २७ तिकिटं ठाऊक आहेत. दोन नारिंगी तिकिटांचा एक लिफाफा १८५० मध्ये मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणिसांना धाडला होता. १९६८ मध्ये तो ३ लाख ८० हजार डॉलरना विकला गेला.

आपल्याकडची माणसं मात्र उलट दिशेनं निघाली होती. १८३४ पासून कलकत्ता, मद्रास, मुंबईहून करारावरचे मजूर उसाच्या मळ्यांवर जात होते; त्यांत कोकणातलेही होते. त्यांच्या नशिबी दुसरंच तिकीट आलं. १८६७ च्या कायद्यानं, करार संपलेल्या मजुरालाही स्वतःच्या छायाचित्राचं तिकीट सतत जवळ बाळगावं लागे. ते नसलं, की भटक्या म्हणून अटक. राणीचं चित्र लिफाफ्याला वाट मोकळी करून देई. मजुराची वाट त्याच्याच चित्रानं अडे.

आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्यानं १८७१ मध्ये मजुरांचा अर्ज गव्हर्नरपुढे ठेवला. त्यावर ९ हजारांहून अधिक जणांची निशाणी होती. पुढच्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग आला.

१९९३ मध्ये मॉरिशसमधल्या कंपन्यांनी मिळून एक नारिंगी, एक निळं अशी जोडी विकत घेतली. पोर्ट लुईच्या ‘ब्लू पेनी’ संग्रहालयात रंग विटू नये म्हणून त्यांच्यावर थोडाच वेळ दिवा लावतात. मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. पणतवंडं तिथं जातात, पणजोबांचा क्रमांक सांगतात आणि गावाचं नाव शोधतात.