महागडे ‘वर्कस्टेशन’ की दमदार साधा पीसी?

बेल्जियममध्ये २००३च्या निवडणुकीत ब्रसेल्सच्या स्कारबेक भागात एका उमेदवाराला शक्यच नव्हती इतकी मते पडली. फेरमोजणीत फरक निघाला नेमका ४,०९६ मतांचा. म्हणजे दोनाचा बारावा घात! मेमरीतला एकच बिट शून्याचा एक झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. व्यावसायिक वर्कस्टेशनसाठी जादा पैसे मोजले जातात, त्यातले काही अशाच चुका टाळण्यासाठी असतात.

साध्या पीसीची मेमरी आलेली माहिती जशीच्या तशी साठवते. ‘ईसीसी’ मेमरीत दर ६४ बिटांमागे साधारण ८ बिट पडताळणीचे असतात. एक बिट चुकला तर तो जागीच दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान इशारा मिळतो. ‘डीडीआर ५ मध्ये ईसीसी असतेच’, असे विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. ती सोय फक्त चिपच्या आतली. मेमरी ते प्रोसेसर या वाटेवर तिचे संरक्षण नाही.

दुसरा फरक क्षमतेचा. ‘रायझन ९ ९९५०एक्स’मध्ये १६ कोअर आणि मेमरीचे दोन चॅनल, तर ‘थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स’मध्ये ९६ कोअर आणि आठ चॅनल. ग्राफिक्स कार्डांचेही तसेच. ‘आरटीएक्स ४०९०’ आणि ‘आरटीएक्स ६००० एडा’ एकाच जातीच्या चिपवर बनली आहेत, पण मेमरी अनुक्रमे २४ आणि ४८ जीबी. किंमत मात्र कित्येक पट.

मग महाग तेच चांगले का? मुळीच नाही. फोटो संपादन, ऑटोकॅडमधील आराखडे किंवा टॅलीसाठी कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा असतो. तिथे साधा पीसी अनेकदा वर्कस्टेशनलाही मागे टाकतो. उरलेले पैसे एसएसडी, चांगला मॉनिटर आणि यूपीएसवर घालावेत. आपल्याकडच्या विजेच्या लपंडावात यूपीएस आधी.

रात्रभर चालणारी अभियांत्रिकी गणिते, वैद्यकीय प्रतिमा, मोठे थ्रीडी रेंडर ही कामे वेगळी. तिथे चूक दिसतही नाही, निकाल मात्र बिघडतो. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरवर पोट असेल, तर कंपनीच्या प्रमाणित ग्राफिक्स कार्डांची यादी आधी तपासावी. कार्ड यादीत नसेल, तर अडचणीच्या वेळी मदत मिळण्यातही अडथळे येऊ शकतात.

बजेट मधले असेल तर आणखी एक वाट आहे. काही रायझन प्रोसेसर योग्य मदरबोर्डवर ईसीसी चालवतात. इंटेलच्या डब्ल्यू ६८० चिपसेटवरही बाराव्या पिढीपासूनचे अनेक कोअर प्रोसेसर ती वापरू शकतात. कोटेशन मागताना मदरबोर्डचे मॉडेल लिहून घ्यावे आणि ईसीसीचा उल्लेख कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावा.