हायड्रोजन, वीज आणि गरम पाणी: डेन्मार्कवाले वारा साठवतात तरी कसा?

मागच्या भागात आपण ग्रीन हायड्रोजनबद्दल बोललो. त्यावर एका श्रोत्याचा मेसेज आला: "दादा, जास्तीच्या विजेपासून हायड्रोजन करायचा, आणि लागेल तेव्हा त्याची परत वीज करायची. मग अडचण काय आहे?"

अडचण हिशोबात आहे. १ किलो हायड्रोजन बनवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते, आणि त्या किलोत वापरण्याजोगी ऊर्जा असते ३३ युनिट. मग तो गॅस दाबून भरा, साठवा, फ्युएल सेलमधून परत वीज करा. १०० युनिट घातले तर शेवटी हातात पडतात जेमतेम ३०-३५. बाकीची ऊर्जा बहुतेक उष्णता होऊन उडून जाते.

पण उडून का जाऊ द्यायची? ती उष्णता कोणाला तरी हवी असेलच की! हा विचार मनावर घेतलेला देश म्हणजे डेन्मार्क.

१९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा डेन्मार्कची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर चालायची. रविवारी गाड्या चालवायला बंदी घालावी लागली होती, बोला! १९७९ मध्ये त्यांनी घरं गरम ठेवण्यासाठी वेगळा कायदाच केला. गावोगाव जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप पसरत गेले. अख्ख्या शहराला मिळून एक गीझर, असं समजा. आज तिथली जवळपास दोन तृतीयांश घरं अशा जाळ्यावर आहेत.

आता हेच पाइप पवनऊर्जेच्या कामी येतात. डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून येते. वारा सुटला की बाजारात विजेचा भाव कधी कधी शून्याच्याही खाली जातो. म्हणजे वीज वापरा, वर पैसे घ्या. अशा वेळी ती वीज कुठे वळवायची, हे ठरवणारं सॉफ्टवेअर म्हणजे आपला नेहमीचा लोड बॅलन्सरच.

पहिला नंबर लागतो हीट पंपाचा. हीट पंप म्हणजे उलटा लावलेला एसी. तो उष्णता तयार करत नाही, एकीकडची उचलून दुसरीकडे टाकतो. म्हणून १ युनिट विजेत सुमारे ३ युनिट उष्णता मिळते. (फिजिक्सवाले भांडायला येतील, म्हणून सांगतो: वरची २ युनिट बाहेरच्या पाण्यातून किंवा हवेतून येतात.) एस्बियर्ग या बंदराच्या शहरात ७० मेगावॅटचा हीट पंप आहे. तो थेट समुद्राच्या गार पाण्यातून उष्णता ओढतो आणि सुमारे २५,००० घरांना पुरवतो. तिथलं कोळशाचं केंद्र २०२४ मध्ये बंद झालं. ओडेन्स शहरात तर फेसबुकच्या डेटा सेंटरमधली गरमी घरांत जाते. कोणीतरी रील बघतंय, त्यावर कोणाची तरी खोली गरम होतेय.

आणि साठवायचं कसं? टाकीत! गच्चीवरच्या १,००० लिटरच्या टाकीतलं पाणी ४० वरून ९० अंशांवर नेलं, तर त्यात ५८ युनिट ऊर्जा बसते. म्हणजे एका इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीइतकी. फक्त त्या पाण्यातून वीज परत मिळत नाही. पण अंघोळीला आणि घर ऊबदार ठेवायला वीज हवीय कशाला?

मग हायड्रोजन कुठे? जिथे वायर पोहोचत नाही तिथे. उदाहरणार्थ, जहाजात. दक्षिण डेन्मार्कमध्ये कासो इथे २०२५ मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. शेजारच्या सौरविजेवर हायड्रोजन बनतो, त्यात बायोगॅसमधून मिळालेला कार्बन डायऑक्साइड मिसळून मिथेनॉल करतात, आणि ते मर्स्कच्या जहाजांना इंधन म्हणून जातं. प्रक्रियेत सुटणारी उष्णता जवळच्या ऑबेनरो शहराच्या पाइपांत. जे वाया जाणार होतं, त्याचंही बिल फाटतं!

मध्यंतरी मी हौसेने पायथनमध्ये याचं छोटं मॉडेल लिहिलं. नियम ठेवला की वीज फुकट असेल तेव्हाच इलेक्ट्रोलायझर चालवायचा. हुशारी वाटली होती. उत्तर आलं की ते महागडं मशीन वर्षातला बराचसा वेळ नुसतं बसून राहतं, आणि हायड्रोजन स्वस्त व्हायच्या ऐवजी महाग होतो. म्हणजे थोड्या फुकट विजेवर स्वप्नं बांधता येत नाहीत. मशीनला रोज भरपूर तास काम हवं.

"पण पुण्यात कोणाला घर गरम करायचंय?" बरोबर, डेन्मार्कची नक्कल इथे चालणार नाही. पण उष्णता आपल्यालाही लागते: डेअरीत, कापडाच्या प्रोसेसिंगला, साखर कारखान्यात. आणि कारखान्यांना यातलं अर्धं गणित आधीपासून येतं. बगॅस जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटवायचा, उरलेली वीज महावितरणला. एकाच बॉयलरमधून दोन कामं. फक्त हे सगळं मुख्यतः गाळप हंगामापुरतं.

तुमच्या घरातलं कोणी कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये काम करत असेल, तर मेसेज करा. हंगाम नसताना तिथे काय चालतं, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. पुढचा भाग त्यांच्यासोबत करू.