विद्याभ्यासाचा प्रवास

दक्षिण कोरियात शाळेच्या सहलीला 'सुहाक योहेंग' असे नाव आहे. विद्याभ्यासासाठी केलेला प्रवास, हा त्याचा सरळ अर्थ. आपला 'सहल' हा शब्द त्या मानाने फारच हलका आहे, असे मला नेहमी वाटते.

पिढ्यानुपिढ्या तेथील शाळा या प्रवासासाठी ग्योंगजूला जात आल्या. शिल्ला राजवंशाची ही राजधानी. ते राज्य इ. स. ९३५ मध्ये लयास गेले. तत्पूर्वी, परंपरेच्या गणनेनुसार, जवळजवळ सहस्र वर्षे नांदले. राजांच्या समाध्यांचे हिरवे उंचवटे आजही भर वस्तीत उभे आहेत. सातव्या शतकात सोनदोक राणीच्या कारकीर्दीत बांधलेला वेधशाळेचा दगडी मनोराही आहे. नऊ मीटर उंचीचा तो मनोरा मुलांचा पाच मिनिटांत पाहून होतो, हे कोणा शिक्षकाला सांगावयास नको.

खरा ठेवा आहे तोहामसान पर्वतावर. इ. स. ७५१ च्या सुमारास किम देसोंग या मंत्र्याने तेथे बुलगुक्सा मंदिराचे आणि सोक्कुराम गुहेचे काम आरंभिले. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या वाचकाने या गुहेपाशी क्षणभर थांबावे. आपल्या पूर्वजांनी डोंगर पोखरून लेणी काढली. कोरियन कारागिरांनी ग्रॅनाइटच्या शिळा घडवून, एकमेकींत बसवून, वर घुमट चढवून गुहाच बांधली. आत सुमारे साडेतीन मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे, भूमिस्पर्श मुद्रेतील. बोधगयेचा तो क्षण इतक्या दूर, पूर्व समुद्राकडे मुख करून, स्थिर झाला आहे. १९१३ ते १९१५ या काळात जपानी राजवटीने दुरुस्ती करताना गुहेला सिमेंटचे वेष्टन घातले आणि आत ओल धरू लागली. आज मूर्तीचे दर्शन काचेआडून घ्यावे लागते. जीर्णोद्धार म्हणजे काय आणि काय नव्हे, याचा इतका चांगला पाठ कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

२००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी मंदिरांतून निवासाची सोय सुरू झाली. ती पुढेही चालू राहिली. पहाटेपूर्वी उठणे, एकशे आठ वेळा साष्टांग प्रणिपात, आणि मग भोजन. ते मात्र पाहण्यासारखे. प्रत्येकापुढे चार वाडगे. मौन राखून जेवावयाचे. शेवटी मुळ्याच्या लोणच्याच्या एका फोडीने वाडगे पुसावयाचे, पाण्याने विसळावयाचे आणि ते पाणीही पिऊन टाकावयाचे. एकही शीत वाया जाता कामा नये. पंगतीत पान स्वच्छ करण्याची शिकवण आपल्या आज्यांनीही दिली होती. पण विसळलेले पाणी पिणे म्हटले की आजची मुले, तेथील काय आणि येथील काय, नाक मुरडतीलच. सोलच्या राजवाड्यात भाड्याचा पारंपरिक वेष घालून छायाचित्रे काढणे त्याहून पुष्कळ सोपे. तो वेष घातल्यास प्रवेशमूल्यही पडत नाही!

परंतु या प्रवासावर एक काळी छाया आहे. १६ एप्रिल २०१४ रोजी जेजू बेटाकडे निघालेली सेवोल नौका बुडाली. मृत आणि बेपत्ता मिळून ३०४ जण गेले. त्यांतील २५० आन्सान येथील एकाच शाळेचे विद्यार्थी होते, सहलीस निघालेले. त्या सत्रातील देशभरच्या शालेय सहली शासनाने थांबविल्या. पुढे त्या सुरू झाल्या. २०२२ मध्ये सहलीवरच बसच्या धडकेने एक विद्यार्थी दगावला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने वर्गशिक्षकास दोषी ठरविले. तेव्हापासून तेथील कित्येक शिक्षक मुलांना घेऊन बाहेर पडण्यास तयार नाहीत.

त्यांना भित्रे कोण म्हणेल? संमतिपत्रावर पालकाची सही घेताना मुख्याध्यापकाचा हात कसा जड होतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. तरीही मी सहल रद्द करणार नाही. तीन दिवसांत सात स्थळे दाखविण्याचा हव्यास मात्र रद्द करीन. पन्नास मुले, एकच मंदिर, दोन रात्री. बसचा प्रवासही कमी, आणि चार वाडगे विसळून होईपर्यंत कोणालाच घाई नाही.