ऑनलाइन वर्ग संपले, अडचण नाही संपली : गुडीहत्नूरच्या कॉलेजच्या पोरांना शिकवायचं कसं?

गुडीहत्नूर (जि. आदिलाबाद) : हैदराबाद–नागपूर हायवेवरचं हे मंडलाचं गाव. इथूनच इंद्रवेल्ली, उटनूरकडे रस्ता फुटतो. या भागातलं पोर घरी मराठी, गोंडी, कोलामी किंवा लमाणी बोलतं, बाजारात तेलुगू बोलतं आणि कॉलेजात गेलं की पुस्तक हातात येतं ते तेलुगू नाहीतर इंग्रजी. आदिलाबादला डिग्रीला गेलं तर विद्यापीठ वरंगलचं काकतीय. सीमा ओलांडून किनवटला गेलं तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ. राज्य दोन, नियम दोन, पोर मात्र एकाच शिवारातलं.

कोरोनात कॉलेजं मोबाईलवर गेली, मग परत वर्गात आली. आता तो विषय झाला गेला असं सगळे समजतात. पण त्या दोन वर्षांत जे उघडं पडलं ते आजही तसंच आहे, म्हणून पुन्हा लिहायची वेळ आली.

एका बॅचची गोष्ट

मार्च २०२० मध्ये तेलंगणात दहावीचे पेपर सुरू झाले आणि तीन पेपरनंतर थांबले. जूनमध्ये सरकारने उरलेली परीक्षा रद्द करून सगळ्यांना पास केलं. हीच मुलं इंटर फर्स्ट इयरला आली. त्यांचे धडे सप्टेंबर २०२० पासून टी-सॅट आणि दूरदर्शन यादगिरीवर सुरू झाले. प्रत्यक्ष कॉलेज उघडलं १ फेब्रुवारी २०२१ ला आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा बंद झालं. म्हणजे वर्षभरात वर्गात बसायला मिळालं जेमतेम पावणेदोन महिने. परीक्षा न घेताच त्यांना सेकंड इयरला ढकललं. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये, सेकंड इयर चालू असताना, फर्स्ट इयरची परीक्षा घेतली.

डिसेंबरमध्ये निकाल लागला तो ४९ टक्के. निम्म्याहून जास्त पोरं नापास. राज्यभर आंदोलनं झाली, काही घरांत तर वाईट घडलं. शेवटी २४ डिसेंबरला शिक्षणमंत्री सबिता इंद्रा रेड्डी यांनी जाहीर केलं की नापास झालेल्या सगळ्यांना किमान ३५ मार्क देऊन पास करतो.

पास केलं ते त्या वेळी बरोबरच होतं. पण ३५ मार्कांनी फिजिक्स येत नाही. नापास पोर होतं की शिकवण्याची पद्धत, हा प्रश्न त्या जीआरखाली दबून गेला.

महाराष्ट्रातही काही वेगळं नव्हतं. २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय राज्यांना पदवी देता येणार नाही. मग विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा उरकल्या. कोकणात नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करणाऱ्या मुलीची बातमी तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने वाचली. कौतुक ठीक आहे, पण पोरीला डोंगर का चढावा लागला?

दीड जीबीचं गणित

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी साधारण १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि कॉम्प्युटर साडेचार टक्क्यांहूनही कमी घरांत. लॉकडाऊन लागला तो या पायावर.

आता हिशोब करा. तासभर लाइव्ह व्हिडिओ वर्ग केला तर अर्धा ते एक जीबी डेटा जातो. रिचार्ज दिवसाला दीड जीबीचा. दोन-तीन तास झाले की पॅक खलास, आणि घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. याउलट लेक्चररने तोच मुद्दा दहा मिनिटांत बोलून व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट टाकली तर ती दोन एमबीच्या आसपास असते. रेंज रात्री अकराला आली तरी उतरते, आणि एकदा उतरली की दहा वेळा ऐकता येते. त्याच्यासोबत दोन पानांची झेरॉक्स असली की बराच धडा होतो.

म्हणजे साधी, हलकी, कधीही ऐकता येणारी वस्तू लाइव्ह वर्गापेक्षा इथे जास्त कामाची. हे नवीन शोध नाहीत. हैदराबादचं सार्वत्रिक विद्यापीठ, आजचं डॉ. बी. आर. आंबेडकर ओपन युनिव्हर्सिटी, १९८२ पासून आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच करत आलंय. रोज येऊ न शकणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून पुस्तक लिहायचं. आपल्या रेग्युलर कॉलेजांनी त्यांना कायम दुय्यम मानलं, आणि वेळ आली तेव्हा त्यांच्याकडून काही शिकलं नाही.

या विचाराला इंग्रजीत नाव आहे ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’. अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेने तो मांडला. कल्पना सोपी आहे. फुटपाथला उतार केला तो व्हीलचेअरसाठी, पण त्यावरून लेकराची गाडी, हमालाचा हातगाडा, गुडघे दुखणारी आजी सगळे जातात. तसंच शिकवण्याचं. एकच गोष्ट ऐकायला, वाचायला आणि करून बघायला मिळावी. आणि आलं की नाही हे दाखवायलाही एकापेक्षा जास्त वाटा असाव्यात : कोणी लिहील, कोणी तोंडी सांगेल, कोणी शेतातल्या मातीचा नमुना आणून समजावेल.

कॉलेज उघडलं, पण कापूस?

आपल्याकडे खरी कसोटी ऑक्टोबर ते जानेवारीत लागते. कापूस फुटतो, वेचणीला मजूर मिळत नाही, आणि घरातली पोरगी कॉलेज सोडून शेतात जाते. पोरं पण जातात, पण पोरी जास्त. कॉलेजच्या रजिस्टरवर ही फक्त गैरहजेरी. ७५ टक्के हजेरीच्या नियमात तिला बसवायचं म्हटलं तर दंड भरा नाहीतर वर्ष घालवा.

लॉकडाऊनमध्ये सगळेच घरी होते तेव्हा व्हॉइस नोट चालली, उशिरा दिलेली असाइनमेंट चालली, फोनवर शंका विचारलेली चालली. तीच सोय वेचणीच्या दोन महिन्यांत का चालू नये? अवघड धडे आधी किंवा नंतर घ्यावेत, वेचणीच्या दिवसांत उजळणी ठेवावी, असाइनमेंटला दोन आठवड्यांची मुदत द्यावी. याला बजेट लागत नाही. लेक्चररच्या वेळेची किंमत मात्र लागते, आणि जागा रिकाम्या ठेवून आहे त्याच माणसावर हे टाकलं तर ते टिकणार नाही, हेही तेवढंच खरं.

भाषेचंही तसंच. टी-सॅटचे धडे मुख्यतः तेलुगू आणि इंग्रजीत. मराठी शाळेतून दहावी झालेल्या पोराला ‘अॅक्सिलरेशन’ समजत नाही असं नाही. बैलगाडी आणि बुलेट यातला फरक सांगितला की लगेच समजतं. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी समजावताना मराठी, गोंडी चालली पाहिजे. पन्नास-साठ शब्दांची तिन्ही भाषांतली यादी वर्गातल्याच मुलांकडून करून घेता येते. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना ती उपयोगी पडेल.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत मात्र ही मेहरबानी नाही, कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असून लिहायला अडचण असणाऱ्याला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ देण्याची तरतूद होती. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा फॉर्म भरतानाच कॉलेजात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

यूजीसीने मे २०२१ मध्ये प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याचा प्रस्ताव मांडला होता. वरंगल किंवा नांदेडहून असा काही नियम आला तर आपल्या कॉलेजात पहिला प्रश्न एवढाच विचारा : हे धडे डाउनलोड करून नेटशिवाय ऐकता येतील का?